साहाय्य सचिवाचा कार्यकाळ

९ जानेवारी

पदव्युत्तर विद्यार्थी संघाचा साहाय्य सचिव, म्हणजे अडलेल्यांना मदत करणारा सचिव, म्हणून आज माझी बिनविरोध निवड झाली. बिनविरोध म्हणजे सभेला आम्ही चौघं होतो आणि बाकीच्या तिघांनी खाली बघितलं. आधीची सचिव नाताळच्या सुट्टीत पीएच.डी. पूर्ण करून निघून गेली. असं मधेच कुणी जातं का? लोकांना जबाबदारीची जाणीवच राहिलेली नाही.

सचिवाने नोंदी ठेवाव्यात म्हणून ही दैनंदिनी.

संघाची अध्यक्ष जनेल ओकेमॉ मातीवर संशोधन करते आणि बोलतेही ढेकूळ फेकून मारल्यासारखं. सभा संपल्यावर म्हणाली, "मायरन, तुझ्या प्रबंधाचं काय?"

"होत आलाय."

"मागच्या हिवाळ्यातही होतच आला होता."

"मुरायला वेळ लागतो गं. लोणच्यासारखं असतं ते."

"काही बरण्या मुरतात, काहींना बुरशी लागते," ती म्हणाली आणि टोपी कानांवर ओढून निघून गेली.

माझा विषय आहे आमच्या सस्कॅचेवान प्रांतातली रेल्वेकाठची उंच लाकडी धान्यकोठारं. पाच प्रकरणं. तीन झाली, चौथं डोक्यात तयार आहे. वर्ष सहावं चालू आहे. शिष्यवृत्ती डिसेंबरात संपली, तेव्हा सध्या पहिल्या वर्षाच्या मुलांचे पेपर तपासतो आणि घरमालकिणीच्या अंगणातला बर्फ उपसतो. पण सचिवाने स्वतःचं रडगाणं गाऊ नये. या विद्यापीठात कितीतरी जण खरोखर अडकून पडलेले असतील. त्यांना शोधून काढायचं.

१३ जानेवारी

डीन प्रेंटिस कोलबर्न यांना भेटलो. खोली उबदार होती. माणसाबद्दल तसं म्हणता येणार नाही.

"मिस्टर यारेम्को, तुमच्या कार्यक्रमांना कुणी येतच नाही," ते म्हणाले. "मार्चअखेर मला एक तरी उदाहरण द्या की तुमच्यामुळे एखाद्या विद्यार्थ्याचं भलं झालं. नाही तर हा निधी आपण नव्या प्रवेशदालनाकडे वळवू. काचेचं होणार आहे."

उणे बत्तीसमध्ये काचेचं दालन! पण मी नम्रपणे मान डोलावली.

या निधीतून परिषदांना जायचा प्रवासखर्च मिळतो आणि मुलं सांभाळायची मदतही. पोषणशास्त्रात पहिल्या वर्षाला असलेल्या एबुन अदेलाजाची दोन वर्षांची मुलगी टोमी याच मदतीवर पाळणाघरात जाते. ती गेली नाही तर एबुन प्रयोगशाळेत जाऊ शकत नाही. मी एबुनला गाठून सगळं सांगितलं आणि म्हटलं, "काळजी करू नकोस. मी आहे ना."

ती म्हणाली, "म्हणूनच काळजी वाटतेय."

विनोदी बाई आहे.

२० जानेवारी

पहिला कार्यक्रम: 'कुत्र्याच्या सहवासात ताणमुक्ती'. कुत्रा सेंट बर्नार्ड जातीचा, नाव मार्शल. आला, दालनाच्या मधोमध पसरला आणि घोरू लागला. त्याच्या मालकाने सांगितलं, झोपलेला असताना हात लावायचा नाही. आलेले विद्यार्थी त्याच्याभोवती आदराने बसले. थोड्या वेळाने एकजण आडवा झाला, मग दुसरी. मी स्वागताचं भाषण संपवून मान वर केली तेव्हा अख्खा कार्यक्रम झोपला होता.

ताण गेला असणारच. पण नेमक्या त्याच वेळी डीनसाहेबांची मदतनीस डोकावली आणि तिने फोटो काढला. त्या फोटोत जागा असलेला मी एकटाच आहे, आणि माझं तोंड उघडं आहे.

२१ जानेवारी

आज प्रबंधाला बसायचं पक्कं ठरवलं होतं. चौथ्या प्रकरणाची फाइल उघडली. तिचं नाव 'प्रकरण चार' होतं, ते 'प्रकरण चार नवीन' केलं. अक्षराचा आकार बदलला. बराच बदल जाणवला. मग सूपदिनाची आखणी करायची होती म्हणून उठलो.

२९ जानेवारी

सूपदिन दणक्यात झाला! आई आमच्या गावाहून, कॅनोराहून, ट्रकमध्ये बोर्श्तचं, म्हणजे बिटाच्या सुपाचं, भलंमोठं पातेलं दोरीने बांधून घेऊन आली. रांग जिन्यापर्यंत गेली. रसायनशास्त्रातले लोक तर स्वतःची भांडी घेऊन आले होते. मी प्रत्येक वाडग्यामागे विचारत होतो, "प्रबंधात काही अडचण? मोकळेपणाने सांगा." लोक म्हणत, "आंबट साय आहे का?"

पदार्थविज्ञानातली छिउ लान तीनदा रांगेत आली. ही लान वर्षभर माझ्या शेजारच्या टेबलावर बसते आणि सहसा एका दिवसात एक वाक्य बोलते. मी विचारलं, "तुझं लिखाण कुठवर आलं?"

"डिसेंबरमध्येच सादर केलं."

"मग मदतीच्या कार्यक्रमाला कशाला आलीस?"

"बीट छान शिजलंय," ती म्हणाली. दोन वाक्यं झाली.

आई पळी घेऊन सगळं बघत होती. पातेलं घासताना म्हणाली, "लष्कराच्या भाकऱ्या चांगल्या भाजतोस. आणि स्वतःचं पीठ?"

"आई, लोकांना गरज आहे."

"बाबांच्या कोठाराबद्दल लिहिलंस का?"

"त्याला वेळ आहे अजून."

तिने माझ्याकडे बघितलं आणि पातेलं पुन्हा घासायला घेतलं. ते तर लख्ख झालं होतं.

३० जानेवारी

डीनसाहेबांच्या कार्यालयाचं म्हणणं: जेवणं म्हणजे शैक्षणिक भलं नव्हे. ज्यांनी कधी उपाशीपोटी तळटीपा लिहिल्या नाहीत त्यांना हे सुचतं.

५ फेब्रुवारी

एक विचित्र प्रसंग. इतिहास विभागाच्या बोळातून जात असताना समोरून माझ्या गाइड, ॲग्नेस हिल्डेब्रांट बाई, येताना दिसल्या. त्यांचा वेळ वाया जाऊ नये म्हणून मी झटकन शेजारच्या खोलीत शिरलो. ती झाडूपोछा ठेवायची खोली निघाली. दार ओढून घेतलं आणि बादलीवर बसलो.

पावलं दाराशी थांबली.

"मायरन," बाई बाहेरून म्हणाल्या, "तू आत आहेस हे मला माहीत आहे."

आता बोलणं बरं दिसलं नसतं.

"मी रागावलेली नाही. चौथं प्रकरण वाईट असलं तरी चालेल, पण मला दिसू दे. मी जूनमध्ये निवृत्त होतेय, बाळा. नंतर तुला कुणाच्या गळ्यात बांधतील मला ठाऊक नाही. या विषयातलं इथे दुसरं कुणी नाही."

मग पावलं दूर गेली. मी जरा वेळ तिथेच बसून राहिलो. बाई निवृत्त होणार! एवढी वर्षं त्यांनी विभागाला दिली. त्यांच्या निरोपसमारंभाची तयारी आत्तापासून करायला हवी. आल्या आल्या कामांच्या यादीत सगळ्यात वर लिहून टाकलं.

११ फेब्रुवारी

संघाच्या खोलीत गेलो तर जनेल, एबुन आणि लान डोकी जवळ घेऊन बोलत होत्या. लानसुद्धा! मला बघून तिघी गप्प झाल्या. माझा वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे. मी काही न कळल्यासारखं दाखवलं.

मग जनेल म्हणाली, "एक कार्यक्रम सुचलाय. लेखनशिबिर. माझ्या मामाचं लाकडी घर आहे हॅलोरन तळ्यावर. तीन-चार दिवस सगळ्यांनी तिथे जायचं आणि नुसतं लिहायचं."

"उत्तम!" मी म्हटलं. "मी स्वागतगीत, परिचयाचे खेळ, चर्चासत्र..."

"तू काही करायचं नाहीस. तू फक्त लॅपटॉप आण."

"हजेरीसाठी?"

तिघींनी एकमेकींकडे बघितलं. "हो," एबुन म्हणाली. "हजेरीसाठी."

१९ फेब्रुवारी

हॅलोरन तळं. लानच्या गाडीतून आलो. एवढी जाहिरात करूनही मी धरून शिबिरार्थी चारच, शिवाय टोमी. घर छोटं, शेगडी लाकडाची, इंटरनेट नाही, फोनला रेंज नाही. लिहिण्याजोगं टेबल एकच आहे, खिडकीशी. मी म्हटलं, पाळीपाळीने वापरू. जनेल म्हणाली, "पहिली पाळी तुझी." दुसरी कुणाची विचारलं तर कुणालाच घाई नव्हती.

संध्याकाळी बर्फ पडू लागला.

२० फेब्रुवारी

वादळ. रस्ता बंद. खिडकीबाहेर नुसतं पांढरं.

इथे लिहायला आलेल्या लोकांची गंमत सांगतो. एबुन पहिल्या वर्षाला आहे, तिला अजून प्रबंधच नाही. लानने तर सादर केलाय. जनेलने कागद आणलेत, पण त्यांवर ती गळाचे दोरे गुंडाळते. माझ्या पत्रकाने यांना इथवर खेचून आणलं याचा अभिमान वाटतो, पण शिबिराचा हेतू यांना कळलेला दिसत नाही.

सकाळी मी लाकडं फोडायला कुऱ्हाड उचलली. जनेलने हातातून काढून घेतली. भांडी घासायला गेलो. लानने ओल्या हातांनीच मला टेबलाची दिशा दाखवली. निदान एखादं छोटंसं चर्चासत्र घ्यावं म्हणून घसा खाकरला, तर एबुनने ओठांवर बोट ठेवलं. "टोमी झोपलीय."

"आत्ता तर खेळत होती."

"झोपलीय म्हटलं ना."

टोमी तिच्या मांडीवर टक्क डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होती.

करायला काहीच उरलं नाही. बोलायचीही सोय नाही. शेवटी नाइलाजाने लिहायला बसलो.

२१ फेब्रुवारी

काय योगायोग! दुपारी वारा जरा पडला म्हणून खिडकी पुसली, तर तळ्याच्या गोठलेल्या पाण्यावर एक झोपडी दिसली, बर्फाला भोक पाडून आत बसून मासे धरतात तसली, आणि तिच्यातून साक्षात हिल्डेब्रांट बाई बाहेर आल्या. इथे लपायला झाडूची खोली नाही. त्या सरळ घरात आल्या, बूट झटकले आणि शेगडीशी बसल्या.

"बाई, तुम्ही इथे?"

"मासे पकडायला आलेय. पलीकडे माझ्या बहिणीचं घर आहे."

"पण तुम्ही मासे खात नाही."

"म्हणूनच बहुतेक एकही लागला नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. बरोबर त्यांनी रुबार्बचा केक आणला होता, चांगला सहा जणांना पुरेल एवढा. कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. जनेलने त्यांना नेमका त्यांच्या आवडीचा बिनदुधाचा चहा दिला.

मग सगळ्या एकदम टोमीला बर्फ दाखवायला बाहेर गेल्या. उणे पंचवीसमध्ये.

बाईंनी विचारलं, "चौथं प्रकरण कुठल्या गावाचं आहे?"

मी सांगितलं. आमच्याच गावाचं.

"आणि कोठाराचे शेवटचे व्यवस्थापक?"

"माझे बाबा."

बाईंनी शेगडीत एक लाकूड सरकवलं. ते तडतडू लागलं. कुणीतरी बोलायला हवं होतं म्हणून मीच बोलू लागलो. कंपनीने कोठार पाडायचं ठरवलं तेव्हा मी शाळेत होतो. यंत्र आलं त्या दिवशी बाबा अंगणात खुर्ची टाकून बसले. कोठार एकदम पडलं नाही. आधी कण्हलं, मग एका अंगावर झुकलं आणि इतकी वर्षं फटींत साठलेला गव्हाचा भुसा सोनेरी ढगासारखा वर उठला. बाबांनी खुर्ची घडी केली, आत गेले, हात धुतले आणि जेवले. आईला म्हणाले, बटाट्याला मीठ कमी आहे. पुढे ते दहा वर्षं जगले, पण कोठाराचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. आणि मी त्याच कोठाराच्या मालवाहतुकीचे आकडे घेऊन एक परिच्छेद लिहायला बसलो की मला त्या खुर्चीची घडी होताना ऐकू येते.

हे सगळं मी बोललो. का कोण जाणे. धुरामुळे डोळ्यांतही पाणी आलं होतं.

"हे लिही," बाई म्हणाल्या.

"हा इतिहास नाही, बाई."

"मग काय आहे? मी आयुष्यभर वाट बघितली की कुणीतरी मला तो बटाटा आणून देईल. तुझे आकडे त्याच्या मागे येऊ देत. येतील."

बाहेर गेलेल्या परत आल्या तेव्हा लानच्या भुवयांवर बर्फ जमला होता. "झालं?" तिने विचारलं. बाईंनी होकारार्थी मान डोलावली. कशाबद्दल ते कळलं नाही.

२३ फेब्रुवारी

रस्ता अजून बंद. लिहितोय. एबुनने ताट टेबलावर आणून ठेवलं. टोमी माझ्या पायाशी बसून माझी पानं मोजते. तिला दोनपर्यंतच आकडे येतात, त्यामुळे प्रगती फारशी दिसत नाही. पण ती आहे.

२५ फेब्रुवारी

काल परतलो. चौथं प्रकरण बाईंच्या हातात दिलं.

संघासाठी अहवाल लिहिला. तो इथे उतरवतो: "लेखनशिबिर सपशेल अपयशी. सचिव वगळता एकाही शिबिरार्थ्याने एक ओळदेखील लिहिली नाही. अध्यक्षांनी सारा वेळ मासे पकडले. पुढील वर्षी खरोखर गरजू विद्यार्थी निवडावेत."

जनेलने तो वाचला, कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "डीनला हा दाखवू नकोस." अपयश झाकणं मला पटत नाही. पण अध्यक्ष ती आहे.

१२ मार्च

चौथ्या प्रकरणाला बाईंनी फार थोड्या दुरुस्त्या सांगितल्या. पाचवं सुरू केलं. वाढदिवस येऊन गेला. गुप्त तयारी वगैरे काही नव्हती. तिघींच्या लक्षातही नव्हता. मग त्या दिवशी कसली कुजबुज चालली होती?

२७ मार्च

डीनसाहेबांसमोर सुनावणी झाली. जनेल, एबुन, लान आणि मी एका बाजूला. एबुनने टोमीला कडेवर घेतलं होतं. पाळणाघरातली जागा या महिन्यापुरतीच आहे. हिल्डेब्रांट बाई विभागाच्या प्रतिनिधी म्हणून भिंतीशी बसल्या होत्या.

डीनसाहेबांनी झोपलेल्या विद्यार्थ्यांचा तो फोटो टेबलावर ठेवला. "मिस्टर यारेम्को, मी एकच उदाहरण मागितलं होतं. तुमच्या कार्यक्रमांमुळे कुणाचं भलं झालं?"

मी आधीपासून विचार केला होता. प्रामाणिकपणे केला होता. सूप प्यायलेले आठवले, झोपलेले आठवले, लेखनशिबिरातल्या रिकामटेकड्या बायका आठवल्या. एबुनकडे आणि तिच्या कडेवरच्या टोमीकडे बघितलं. खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. पण मला जमत नाही.

"साहेब," मी म्हटलं, "माझ्या माहितीत तरी एकही नाही."

जनेलने डोळे मिटून घेतले. "देवा, उचल रे याला," एबुन पुटपुटली.

तेवढ्यात भिंतीपाशी खुर्ची सरकली. हिल्डेब्रांट बाई उभ्या राहिल्या.

"माझ्या माहितीत एक आहे," त्या म्हणाल्या. "इतिहास विभाग, सहावं वर्ष. दीड वर्षात त्याने मला एक पान दाखवलं नव्हतं. मला बघून तो तोंड लपवायचा. मी त्याच्यावर पाणी सोडलं होतं. या संघाच्या शिबिरात त्याला कुणीतरी टेबलाशी बसवलं, जेवू घातलं आणि उठू दिलं नाही. त्याने लिहिलेलं प्रकरण मी माझ्या नोकरीत वाचलेल्या सगळ्यात चांगल्या प्रकरणांपैकी एक आहे. तुमच्या काचेच्या दालनातून आत येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी निम्मे असेच मधेच हरवतात, प्रेंटिस. दालन त्यांना आत घेईल. आत आल्यावर सांभाळणार कोण?"

डीनसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे, मग परत माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच ऊब दिसली. हसू दाबत असावेत.

निकाल: निधी आणखी एक वर्ष चालू. मुलांची मदत पूर्ण, प्रवासखर्च निम्मा. कुत्रा रद्द.

एबुनने टोमीला हवेत उडवलं, झेललं आणि मला मिठी मारली. मी म्हटलं, "माझे कसले आभार? त्या विद्यार्थ्याचे माना." त्यावर तिला इतकं हसू आलं की तिला टोमी जनेलकडे द्यावी लागली.

घरी येताना मी त्याचाच विचार करत होतो. कोण असेल हा बिचारा? दीड वर्षं एकटाच कुढत बसला असेल, आणि मी त्याच विभागात असून मला पत्ता नाही! उद्याच त्याला गाठायचं आणि धीर द्यायचा.

२८ मार्च

सकाळी दात घासताना ब्रश तोंडातच राहिला.

इतिहास विभागात सहाव्या वर्षाला मी एकटाच आहे.

तसाच संघाच्या खोलीत गेलो, कोटाच्या आत पायजमा. तिघी चहा पीत होत्या.

"ते शिबिर," मी म्हटलं. "माझ्यासाठी होतं?"

लान म्हणाली, "चहा घे." म्हणजे होतंच.

"आणि बाईंची झोपडी?"

"त्यांच्या बहिणीचं घरबिर काही नाही तिथे," जनेल म्हणाली. "माझ्या मामानेच उभी करून दिली आणि त्या सकाळी बर्फगाडीवरून बाईंना आणून सोडलं. शेकोटीपाशी बसून त्या दिवसभर आमची खूण व्हायची वाट बघत होत्या."

मला राग आला. खरंच आला. मग लाज वाटली. मग परत राग आला, कारण लाज वाटत होती. "मी काय लहान मूल आहे? तोंडावर सांगायचं होतं ना सरळ, की मायरन, तू अडकलायस, तुला मदत हवी आहे!"

"सांगितलं की," एबुन म्हणाली. "मी दोनदा सांगितलं. जनेलने सांगितलं. लाननेसुद्धा सांगितलं, आणि तिने एका दमात तीन वाक्यं बोलायची ती पहिलीच वेळ."

"मग? मी काय म्हणालो?"

"दरवेळी एकच. वहीत लिहून घ्यायचास आणि म्हणायचास, अशा लोकांसाठी एखादा कार्यक्रम ठेवायलाच हवा."

मी चहा घेतला. फार गरम होता. कुणी काही बोललं नाही याबद्दल मी त्यांचा कायम ऋणी राहीन.

१४ एप्रिल

नदीवरचा बर्फ फुटतोय. पाचव्या प्रकरणाचा शेवटचा भाग चालू असताना दुपारी फोन वाजला. जनेल होती.

"संघाची सभा सुरू झालीय. साहाय्य सचिव आहेत कुठे?"

सभा आहे हे मी साफ विसरलो होतो. "माफ कर गं," मी म्हटलं, "मी लिहीत होतो."

पलीकडे खोलीत कुणीतरी टाळी वाजवली. बहुतेक लान असावी.

"मग फोन कशाला उचललास, गाढवा?" जनेल म्हणाली. "ठेव."

ठेवला.